सहा मिनिटं

नव्या कंपनीनं डेपोला कुंपण घातलं,
आतल्या वाळूवर खडी टाकली.
शर्ट निळा होता तो हिरवा झाला,
माणसं तीच.

सोहारच्या या टोकाला आता
बारा लॉकर, चोवीस ड्रायव्हर.
माझा सात नंबर, अर्धा टेकबहादुरचा.
त्याला अजून पाहिलेलं नाही;
मी जातो, गाडी धुतली जाते, मग तो येतो.
खोबरेल नव्हे, मोहरीचं तेल लावतो,
आणि सीट इतकी पुढं ओढतो
की गुडघे स्टिअरिंगला लागतात माझे.

एसीची खोली आहे. चार खाटा. गार पाणी.
लांज्याच्या डेपोत जुन्या टायरला
डोकं टेकून रात्री काढल्यात,
तेव्हा तक्रार नाही.

एकच होती, ती हिंदीत लिहून दिली:
शेवटच्या थांब्यावर मुक्काम सहा मिनिटं,
संडास मशिदीमागं.
जायला चार, यायला चार,
मधलं तुम्हीच धरा.

यासीर साहेब हसला नाही.
जूनच्या दुपारी, घड्याळ लावून,
पांढरा दिशदाशा सावरत स्वतः चालत गेला.
आम्ही बसच्या काचेतून मोजत होतो.
अकरा मिनिटांनी आला, घामानं निथळत,
उभ्यानं दोन बाटल्या पाणी प्यायला,
काही बोलला नाही.

सोमवारी नवं वेळापत्रक लागलं.
थांबा: बारा मिनिटं.
संडास तिथंच.

हल्ली उतरताना मीच सीट ओढून ठेवतो,
मोजून चार खाचा पुढं.
रात्रपाळीच्या माणसाला अंधारात
तो खटका सापडत नाही लवकर.
आरसा मात्र
त्याचा त्यानं लावावा.