निरोगी दाढ

पहिल्यांदा तो रात्री आला, मागच्या दाराने,
कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत.
माँटेव्हिडिओत जुलैची थंडी. नदीवरून बोचरा वारा.
ज्याच्या आवाजावर अर्धा देश झोपी जातो
तो फाबियान अर्रेचे आमच्या खुर्चीत
शाळकरी पोरासारखा डोळे मिटून.
डॉक्टर ओलिवेरांनी सुई टोचली
तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. दोन दिवस वळ होते.
खोटं कशाला बोलू, तिसऱ्या दिवशी गेले
तेव्हा मला वाईट वाटलं.

अक्कलदाढ निघाली. मुळं वाकडी, हट्टी.

दुसऱ्या दिवशी दाखवायला आला
तर गाल हा एवढा, एक डोळा बुजलेला.
आरशात बघून दचकला. मग अर्ध्या तोंडानं हसला.
म्हणाला, जरा पायी जाऊन येतो.

वीस मिनिटांनी परतला, केस ओले, हातात तेलकट कागद.
कोपऱ्यावर एर्मेलिंदा तोर्ता तळते,
गाडीवर तिनं ह्याचाच फोटो चिकटवलाय,
तेलाचे डाग पडून पिवळा झालेला.
ती ह्याला म्हणाली, मेल्या, असला गाल घेऊन
भुरभुर पावसात हिंडतोस? घरी कुणी नाही का तुझं?
"आणि पैसे घेतले," तो सांगत होता,
"पूर्ण पैसे घेतले तिनं!"
हे त्यानं तीनदा सांगितलं.

मग कुठूनतरी बातमी फुटली.
साल्तोहून रात्रभर बसनं एक मुलगी आली,
दात मोत्यासारखे, म्हणे मला फक्त त्या खुर्चीत बसू द्या.
बसली. हाताच्या टेकूवर गाल घासला. रडली.
एका गृहस्थानं दाढेची किंमत विचारली.
डॉक्टर म्हणाले, जाळली, नियम आहे.
(जाळली नव्हती. माझ्या बटणांच्या डबीत आहे.
मी त्या मुलीला हसले होते.)

सप्टेंबरात तो पुन्हा आला. तोच दरवाजा, तीच वेळ.
आ केला. मी दिवा धरला.
डॉक्टरांनी एकेक ठोकून पाहिला,
एकतीसच्या एकतीस ठणठणीत.
दुखतंय कुठं?
दुखत नाही, तो म्हणाला. डावीकडची काढा, कुठलीही.
ओलिवेरा हात धुवायला गेले, बराच वेळ धुत राहिले.
तोंड तसंच उघडं ठेवून तो माझ्याकडे वळला
आणि बोबड्या, कुणाच्याही असाव्यात अशा आवाजात
विचारलं,
सूज जास्तीत जास्त
किती दिवस राहते?