या तारखेला किंवा त्याआधी

गल्ल्याशेजारी एक कॅलेंडर आहे, बियर कंपनीने फुकट दिलेलं.
त्यावर आजची तारीख नसते,
बरोबर एकवीस वर्षांपूर्वीची असते.
या तारखेला किंवा त्याआधी जन्मला असाल, तर बाटली तुमची.
सकाळी सहाला कुलूप काढलं
की कॉफी लावायच्याही आधी
मी एक पान फाडते
आणि वेस्ट हार्लोमधलं कुणीतरी सज्ञान होतं.
बहुतेक दिवशी कुणीच होत नाही.
नऊशे चाळीस वस्तीच्या गावात रोज रोज कोण होणार?

मार्चचा पहिला मंगळवार. शाळेच्या जिममध्ये गावसभा.
व्हरमाँटचा चिखल सगळ्यांच्या बुटांना सारखाच.
रस्त्याची खडी झाली, आगीच्या बंबाची नळी झाली,
मग कलम चौदा :
दारूचं वय अठरावर आणा, असं आपण राजधानीला कळवावं का?
कळवून काही होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक.
हमरस्त्याचे पैसे वॉशिंग्टनहून येतात.
तरी कुणी घरी गेलं नाही.

डॅरिल लाफ्लाम उठला. वीस वर्षांचा, नॅशनल गार्डमधला.
माझ्याकडे बोट करून हसला. "या बाईंनी परवा मला परत पाठवलं,
सॉरी म्हणून, फार गोड आवाजात.
तिकडे वाळूत माझ्या हाती चाळीस टनांची गाडी होती.
तिच्या चाव्या देताना
सॉरी कुणी म्हणालं नाही."

वॉल्ट पेल्की काठीवर भार देत उभा राहिला.
"ब्याऐंशी साली इथं अठराच होतं.
माझ्या बर्नाडेटला ज्याने उडवलं, तो अठराचा.
कायद्याने प्यायला होता."
थोडं थांबला. "कायद्याने," पुन्हा म्हणाला, आणि बसला.

मग लॉरेन बूशार. तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं,
म्हणजे सगळेच पाहत होते.
"खडीच्या खाणीत, शेकोटीपाशी. टोबी आणि सहा मित्र.
सहांच्या खिशात सहा फोन.
पोलीस येतील म्हणून पहाटेपर्यंत एकानेही लावला नाही.
वाईट नव्हती हो पोरं.
एकोणीस वर्षांची होती."

माझ्या पर्समध्ये लिहून नेलेले दोन कागद होते.
आमच्या इचलकरंजीत पंचवीस लागतात,
वर परवाना, 'प्रकृतीसाठी' असं लिहिलेला;
मामाने तो कधी काढला नाही
आणि पिणं कधी सोडलं नाही.
तिकडे वय नव्हे, पडदा पाहतात.
दुकानाचा हिरवा, आणि घरातला, जो दिसत नाही.
हे या जिममध्ये कुणाच्या उपयोगाचं?
कागद पर्समध्येच राहिले.

बाजूने हात वर झाले. मोजले.
विरुद्ध हात वर झाले. मोजले. तीन जास्त.
माझा हात दोन्ही वेळा मांडीवर.
नागरिक होऊन दोन वर्षं झाली,
पण हात वर करायला मी शाळेत शिकले होते :
उत्तर येत असेल तरच.

एप्रिलमध्ये एका सकाळी, सव्वासहाला, लॉरेन आली.
नाइटगाउनवर कोट. दूध घेतलं, अंडी घेतली,
सुटे पैसे मोजता मोजता थांबली.
माझ्या पाठीमागे बघत होती.
"हे पान," म्हणाली, "उद्या फाडून टाकशील ना?"

मला आधी कळलं नाही.
मग तारीख वाचली. वाचणं हेच तर माझं काम.
मी पान सोडवलं, सावकाश,
कोपरा फाटू न देता,
आणि अंड्यांच्या खोक्यावर ठेवलं.
तिने ते घडी न घालता कोटाच्या आत धरलं.
दुधाची पिशवी विसरून गेली.

दिवसभर कॅलेंडर एक दिवस पुढे होतं.
वेस्ट हार्लोत, माझ्या गल्ल्यावर,
कायदा चोवीस तासांनी सैल झाला होता.
मी दुरुस्त केला नाही.
दाराची घंटा वाजली की बघत होते.
रात्री नऊपर्यंत ज्याला त्या एका दिवसाने फरक पडला असता
असं कुणी आलं नाही.