सोळाशे एकवीस

रात्री साडेदहानंतरच लेसर लावते मी.
दिवसभर अक्कलकोट रोडवरचे माग थरथरत असतात
आणि ती थरथर टेबलाच्या पायांतून चढत
भिंगाखालच्या पेशीपर्यंत येते.

पेशी बापाच्या आहेत.
गालाच्या आतून, मऊ ब्रशने, त्यानेच खरवडून दिलेल्या.
राजमल्लू गाजूल, वय एकसष्ट,
चाळीस वर्षं सुताच्या लडी हौदात बुडवून काढल्या.
संमतीपत्रावर अंगठा उमटवला
आणि विचारलं, अर्धं तेलुगूत:
सोनं किती लागतं?

बाटली दाखवली.
आत कोकमाच्या सरबतासारखं लाल पाणी.
"सराफ हाकलून देईल," म्हणाला.

जमेल तेवढं समजावलं:
पेशी हे कण गिळते.
प्रकाश टाकला की बहुतेक सगळा
उसने मागायला गेलेल्या माणसासारखा
जसा गेला तसाच परत.
कोटीत एखादा किरण मात्र
आतल्या रेणूला धडकून येतो,
रंग किंचित उतरलेला.
फार हळू बोलतो तो.
सोन्याच्या दोन कणांमधल्या फटीत सापडला
तर ओरडतो.

"म्हणजे पहिल्या धुण्यात रंग जातो, तसा?"
तसाच, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

आज पडद्यावर रेघ चढली.
एक हजार तीन: प्रथिन, ते असणारच.
मग जिथे काही नसायला हवं तिथे
सोळाशे एकवीस,
गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजासारखं
सरळ, उंच.
हात गार पडले माझे.
खमितकर मॅडमना उठवलं.
त्या झोपेतच म्हणाल्या,
"जांभळी शाई बघितलीस का?"

स्टॅम्प पॅडची शाई.
अंगठ्यावरून ब्रशच्या दांडीला, तिथून थेंबात.

रेशनच्या मशीनला हा अंगठा कळत नाही.
सोड्याने, उकळत्या पाण्याने रेघा गेल्यात.
महिन्याच्या महिन्याला तीन-तीनदा दाबतो,
फुंकर मारून, सदऱ्याला पुसून,
मशीन विचारत राहतं, कोण?
आणि इथे केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या सोन्याने
तो आल्याची वर्दी दिली.

नमुना बाद.
वहीत लिहिलं: दूषित.
पेन तसंच धरून बसले थोडा वेळ.

उद्या पुन्हा ब्रश. आधी हात धुवायला सांगेन,
तो तळवे माझ्यापुढे धरेल, नखांतला निळा दाखवत.

भिंगाखाली बाद झालेल्या पेशी
अजून जिवंत होत्या.
लेसर बंद केला. लाल पाणी फ्रिजमध्ये ठेवलं.
बाहेर रात्रपाळीचा एक माग चालूच.