डावीकडची जागा

जुनी गाडी यार्मागच्या पुलावर गेली.
उणे एकतीस. तेमूलेनला माझ्या डेलच्या आत घेऊन
मी बसून राहिले, काचेला आतून बर्फ,
आणि गानसुख बाहेर, बॉनेट उघडून,
नुसताच उभा.
ओढून न्यायचे किती ते एकाने सांगितलं,
भंगारात किती येतील ते दुसऱ्याने.
दोन्ही आकडे सारखेच निघाले.

मग सात शनिवार बाजारात.
पायलीच्या पन्नास प्रियस,
समुद्रापलीकडे कुणाकुणाच्या वापरून झालेल्या,
सगळ्यांच्या तोंडावर तोच धुतलेला निरागसपणा.
आमच्याकडे नव्वद लाख तुगरिक.
म्हणजे ब्याऐंशी.
आठ लाख तेमूलेनच्या कानातल्या मशीनचे,
ते मोजायचे नव्हते, तरी मी दर वेळी मोजायचे.

दीर म्हणाला, लँडक्रूझर घ्या, हप्त्यांवर.
नाकापेक्षा मोती जड, असं मी मनात म्हटलं
आणि त्याला आणखी चहा ओतला.

एका शनिवारी बाबा आले, गावाकडून, बारा तास बसने.
उभा जन्म घोडे पारखलेला माणूस.
काट्याखालचे चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर बघून म्हणाले,
घोड्याचे दात खोटं बोलत नाहीत, हे बोलतं.
मग गुडघे टेकून आत वाकले, सतरंजी हुंगली.
ही बुडालेली आहे.
विकणारा जरा वेळ गप्प होता,
मग थंडीबद्दल बोलायला लागला.

माझी एकच अट होती आणि ती कुणालाच कळत नव्हती:
नंबराच्या शेवटी दोन नको, सात नको.
त्या गाड्या मंगळवारी रस्त्यावर आणता येत नाहीत,
आणि मंगळवारी तेमूलेन
'श' आणि 'स' वेगळे करायला शिकतो.

उयांगा नर्स होती, कोरियाला निघालेली.
तिने गाडीची तारीफ केली नाही.
मागचा उजवा दरवाजा आतून उघडत नाही, म्हणाली.
कडाक्यात तिसऱ्या वेळेला सुरू होते.
बॅटरीचे चार सेल बदललेत, ही पावती.
इथे मी खांबाला घासली, माझीच चूक.
नंबराच्या शेवटी चार.
सात शनिवारांत पहिल्यांदाच
कुणीतरी आम्हाला एखादा दोष दिला होता,
आणि गानसुखचे खांदे खाली आले.

पंचाऐंशी म्हणाली होती. आमचे ब्याऐंशी तिने
दोनदा मोजले, नर्स औषध मोजते तसे.
मग किल्ली त्याच्या हातात देऊन
बोलली मात्र माझ्याशी:
चाक उजवीकडे, रस्ताही उजवीकडचा,
पुढे ट्रक असला की चालवणाऱ्याला काही दिसत नाही.
डावीकडे बसलेल्याला दिसतं.
माझ्या डावीकडे कुणी नव्हतं.
तीन वर्षांत मी एकाही गाडीला ओलांडलं नाही.

घरी आईने चारी चाकांवर दूध शिंपडलं,
ते टायरवर पडता पडता गोठलं.
तेमूलेन मागे बसला, कानाला हात लावून.
सुरू झाली का?
झाली.
मग आवाज का नाही?
मशीन काढलं, फुंकलं, परत घातलं.
नाहीच आवाज, रे. हिला नसतोच.
तो बराच वेळ ते न ऐकू येणं ऐकत राहिला,
आमच्याबरोबर, पहिल्यांदाच आमच्याइतकंच.

दार्खानच्या रस्त्यावर कोळशाचा ट्रक लागला.
काळा धूर, मागे एक चिंधी फडफडत.
गानसुख. गॅस बंद आहे का ते तीनदा बघणारा,
मी कुलूप लावलं की ओढून बघणारा गानसुख.
मी काचेला गाल टेकवून पुढे पाहिलं.
थांब, म्हटलं.
एक बस गेली.
थांब.
लांबवर काहीतरी होतं, ती गाय निघाली, कडेला.
जा.

त्याने मान वळवली नाही,
खरंच? असंही विचारलं नाही.
गेला.