गाळू नकोस

सौमित्र, थांब. ते बटण दाबू नकोस.
दौलतगंजातल्या या माडीवर कूलर कोरडाच घरघरतोय,
आणि तू एका फटक्यात
नऊ हजार बायका पुसायला निघालास.
"यांना पाच वर्षांत मूलच झालेलं नाही, मॅडम.
नवजात मृत्यूशी यांचा काय संबंध?"

संबंध सांगते. आधी घाम पूस.

पनिहारच्या अलीकडे दगडाच्या खाणी आहेत.
तिथल्या एका वस्तीत आपली राजकुमारी कुशवाह गेली होती,
मे महिन्यात, डोक्याला ओला पंचा गुंडाळून,
तेवीस दारं.
तरण्या सुना नवऱ्यांमागून सुरतेला गेलेल्या,
उरल्या त्या चाळिशी ओलांडलेल्या बाया
आणि लग्न न झालेल्या पोरी.
एकाही घरात अलीकडे पाळणा बांधलेला नव्हता.
तू त्या ओळी गाळल्यास
तर ती अख्खी वस्ती हिशेबातून उठून जाईल
आणि आपली चूक बारीक दिसायला लागेल,
सडपातळ, भांग पाडलेली,
भोपाळच्या बैठकीत मिरवावी अशी.
खरी चूक अंगानं भरलेली असते रे.

म्हणून नवा रकाना कर.
ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्यांच्यापुढे एक,
बाकीच्यांपुढे शून्य.
शून्य म्हणजे जा, असं नाही.
शून्य म्हणजे: बोलू नकोस, पण बस इथंच.

आता एकवाल्यांतही नीट बघ.
रामश्रीचा मुलगा. मृत्यूसमयी वय: शून्य दिवस.
हे शून्य निराळं.
राजकुमारीनं विचारलं होतं, "रोया था?"
रामश्री चुलीकडे बघत राहिली,
भाकरी करपली तरी बघत राहिली,
मग म्हणाली, "बिल्ली के बच्चे जैसा. एक बार."
त्या एका आवाजावर तो जन्मलेल्यांत आला
आणि त्याच ओळीत मेलेल्यांतही.
रडला नसता
तर दुसऱ्याच तक्त्यात गेला असता.

सातव्या दिवशी एवढी गर्दी का, विचारत होतास परवा.
तारखा कोण मोजतं? वार मोजतात.
मंगळवारी आला, मंगळवारी गेला.
पाच असतील, आठ असतील, तोंडात सात येतात.

आणि हजिऱ्याची ती मुलगी, अठ्ठावीस दिवस पुरी.
एक रात्र आधी गेली असती तर आपल्या आकड्यात होती.
आता मृत्यूच्या रकान्यात तिला शून्य.
आपल्या लेखी ती जगली.
तिच्या आईला हे कुणी सांगू नये.

ज्या आया बाळासोबतच गेल्या
त्यांचं मात्र विचारू नकोस.
दारात उत्तर द्यायला कुणी नव्हतं, म्हणून ओळच नाही.
गाळायला तरी काही असावं लागतं.

खालून चौथी ओळ बघ:
शहरी थर, थाटीपूर, वय सेहेचाळीस,
लग्नाला एकवीस वर्षं, एकूण जन्म शून्य.
नाही, ती मी नव्हे.
आमच्या गल्लीचा नंबर कधी लागलाच नाही.
पण लागता तर राजकुमारीसारखीच कुणी जिना चढून आली असती,
"आपके कितने बच्चे हुए?"
मी सांगितलं असतं, आणि चहा विचारला असता.
पुढची कित्येक पानं तिनं न वाचता उलटली असती,
खाली बघत, जरा घाईघाईनं,
जशी या घरात येणारी सगळीच माणसं
काही पानं घाईनं उलटतात.

तरी त्या ओळीला वजन आहे, बघ शेवटच्या रकान्यात.
दशांशासकट.
कुणाकुणाच्या वतीनं ती तिथं बसलीय,
तिला ठाऊकसुद्धा नाही.

चालव आता.
वाढली का चूक?
वाढू दे.
मी कूलरला बादलीभर पाणी आणते.