तिसरा रकाना

मानसशास्त्राची ओळख, प्रथम वर्ष कला.
पटावर एकतीस, बाकांवर नऊ.
मी तासिका तत्त्वावर,
म्हणजे घंटा वाजली की माझे पैसे सुरू,
पुन्हा वाजली की बंद.

खिडकी लावून घ्या, म्हणते,
कारण नंदुरबारात वाऱ्यानं दिशा बदलली
की पथारीवरची मिरची वर्गात येते
आणि स्मृतीच्या प्रकारांवर
सगळ्यांना एकदम ठसका लागतो.

प्रात्यक्षिक तिसरं : राशीची अक्षय्यता.
साहित्य : दोन सारखे पेले, एक उभट पेला, पाणी,
आणि पाच ते सात वयाचं एक मूल.
(साहित्यात मूल शेवटी लिहितात.
मीही तसंच लिहून दिलं.)
एका पेल्यातलं पाणी उभट पेल्यात ओता,
विचारा, आता जास्त कुठे?
उभट म्हणालं, तर संकल्पना अप्राप्त.
सारखंच म्हणालं, तर प्राप्त.
रूप बदललं तरी ऐवज बदलत नाही,
हे कळायला माणसाला सातेक वर्षं लागतात.
मी फळ्यावर लिहिलं, खाली रेघ मारली.

सोमवारी वह्या आल्या.
भाचा, पुतणी, शेजारचा ओम.
प्राप्त, अप्राप्त, प्राप्त.
गेल्या वर्षीचेच भाचे,
एका दिवसानंही न वाढलेले.

रमिला पाडवी वही देईना.
अक्कलकुव्याकडची. वसतिगृहात राहते,
रविवारी मावशीसोबत पथारीवर जाते, देठं खुडायला.

"मॅडम, उभट पेला नव्हता.
आणि पाणी टँकरचं, खेळायला कोण देणार?
मग मिरच्या घेतल्या.
दोन ढीग, सारखे. आपसिंगनंच ताटलीनं मोजून केले.
पाच वर्षांचा आहे, मावशीच्या दिराचा.
मग एक ढीग त्याच्यासमोरच पसरला.
विचारलं, आता जास्त कुठे?"

मग?

"ढिगात, म्हणाला."

अप्राप्त, मी म्हणाले. पेनचं टोपण काढलं.

"थांबा ना मॅडम. मी विचारलं, का रे?
तर म्हणे, पसरलेली वाळते.
मग काट्यावर कमी भरते.
मग शेठ विचारतो, कुठे गेली,
आणि आईकडे बघतो."

कुणी ठसकलं नाही.
मी फळ्याकडे वळले.
शिक्षकाला वळायला फळा असतो, हे एक बरं.
तिथे माझ्याच अक्षरात :
ऐवज बदलत नाही.

पोरगं चुकलं नव्हतं.
आमच्या प्रश्नाला ऊन माहीत नव्हतं.
पेल्यातलं पाणी कुणी विकत घेत नाही,
ते संध्याकाळी कुणाला तोलून द्यावं लागत नाही,
म्हणून ते तेवढंच राहतं.

"काय लिहू मॅडम? रकाने दोनच आहेत."

पेन्सिलीनं तिसरा आख, म्हणाले.
"त्याला नाव काय देऊ?"
नको देऊस अजून.
तिनं ओळखपत्राच्या कडेनं रेघ ओढली,
किंचित वाकडी,
आणि आपसिंगचं सगळं बोलणं
त्या बोटभर जागेत बसवलं,
ओळीखाली ओळ, समासात शिरत.

मार्चमध्ये धुळ्याहून परीक्षक आले.
चहा घेतला, वह्या चाळल्या.
रमिलाच्या वहीवर लाल शाईत :
साहित्य नियमाप्रमाणे नाही. वीसपैकी आठ.
मी काही बोलले नाही.
बोलायला हवं होतं, हे बसमध्ये सुचलं,
आणि ते कुठल्या स्मृतीत मोडतं
ते मी शिकवू शकते.

एप्रिलच्या शेवटी माझं बिल निघालं.
घेतलेले तास अठ्ठेचाळीस, मंजूर एकेचाळीस.
क्लार्क म्हणाले, मॅडम, हिशोबात एवढेच भरतात.
बाकीचे कुठे गेले, तुम्हीच सांगा.

वाळले असतील, म्हणाले.

त्यांना कळलं नाही.
मागे शिष्यवृत्तीच्या रांगेत रमिला होती.
ती हसली,
आणि मग शिंकली.