चौथी लाईन

ओर्झेतीच्या मेट्रोला तीन लाईनी. लाल, निळी
आणि एक जी हिरवी व्हायची होती, पण त्या साली
शाईचा डबा पिवळट निघाला, म्हणून पिवळी.
चौथी ठिपक्यांची.

नकाशा विभागात मला सत्तावीस वर्षं झाली.
दर मार्चला नवी आवृत्ती, दर मार्चला मी
ते अकरा ठिपके मोजून डोंगरावर चढवतो,
नदीपासून झेमो उबानीपर्यंत,
शेळ्या चढवाव्यात तसे, एकामागे एक.

खोदून झालं होतं तीनशे चाळीस मीटर.
मग देशाचं नाव बदललं.
इंजिनियर आपापल्या नव्या नावांच्या देशांत परतले,
आणि भुयार पाडणारं यंत्र बाहेर काढायला पैसे नव्हते,
म्हणून ते तिथंच राहिलं, डोंगराकडे तोंड करून.
मेलितोन ते चालवायचा. आता शाळेपाशी
पोरांना रस्ता ओलांडून देतो.
विचारलं तर म्हणतो, आहे की खाली.
तेल घातलं तर उठेल.

भुयारात बेसारिओन अळंबी पिकवतो.
रविवारच्या बाजारात त्यांना अळंबी कुणी म्हणत नाही.
अर्धा किलो मेट्रो द्या, म्हणतात बायका,
आणि वास घेऊन बघतात, आजची आहे का.

वर, झेमो उबानीला, स्टेशनचं दार मात्र
सगळ्यांच्या आधी बांधून ठेवलेलं:
संगमरवरी चौदा पायऱ्या खाली उतरतात
आणि पंधराव्या पायरीच्या जागी भिंत.
तिसऱ्या पायरीवर त्सिसाना सूर्यफुलाच्या बिया विकते,
तिथं वारा लागत नाही.
दहाव्या पायरीखाली काय चालतं, ते ती बघत नाही.
खोल्या भाड्याने देणारे पाटीवर लिहितात: मेट्रोजवळ.
खोटं नाहीच ते.

एकतीस नंबरची बस तात्पुरती होती,
चौथी लाईन येईपर्यंत.
चौतीस वर्षं ती तात्पुरती धापा टाकतेय.
शेवटच्या वळणावर चार धडधाकट माणसं उतरून
तिच्याबरोबर चालतात, ती पुढं गेली तर हात करतात.
पायऱ्यांपाशी ड्रायव्हर ओरडतो, मेट्रो!
कुणी हसत नाही.
वाट नव्हती; पाहणं तेवढं होतं.

यंदा नवे संचालक आले. तरुण, स्वच्छ नखांचे.
म्हणाले, जे नाही ते छापायचं नाही.
बरोबरच होतं. मी अकराही ठिपके पुसले,
शिंकेएवढाही वेळ लागला नाही.
रिकामा कोपरा बरा दिसेना,
म्हणून सूचनांची चौकट तिकडं सरकवली.

एप्रिलमध्ये काउंटरवर एक बाई आल्या. ग्वांत्सा.
बूट ओले, हातात नकाशा.
रागात नव्हत्या. म्हणाल्या, माझं घर
या वाक्याखाली गेलंय.
बोट ठेवलं होतं:
सहा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही.

मी म्हणालो, लाईन नाहीच आहे, बाई.
मला सांगताय? त्या म्हणाल्या.
मी रोज एकतीसने येते. पेन द्या.

आणि चौकटीवरूनच, अक्षरांच्या अंगावरून
त्यांनी ठिपके मांडले, प्रत्येक ठिपका दाबून,
शाई पार मागच्या बाजूला उमटेपर्यंत.
दहा अगदी माझ्या जागांवर. पाठ होत्या.
अकरावा जरा खाली घेतला,
चर्चच्या अलीकडे, चढ लागायच्या आधी.

तिथं नव्हतं स्टेशन, मी म्हणालो.
गुडघे, त्या म्हणाल्या,
आणि पेन परत दिलं.

संचालकांना अजून सांगितलेलं नाही.
मार्चला अकरा महिने आहेत.
चौकट कुठं हलवावी, एवढंच बघतोय.
नदीवर बसेल.
नदीला तिकीट लागत नाही.